घर घाटावर, नोकरी मुंबईत: लांब पल्ल्याच्या रोजच्या प्रवासाचा आढावा

परवडणाऱ्या शहरात राहायचे, महाग शहरात कमवायचे आणि मधले अंतर रोज दोनदा कापायचे, ही जगण्याची रीत मुंबईभोवती किमान तीन पिढ्या रुजलेली आहे. तिचे दोन पट्टे स्पष्ट दिसतात. पहिला लोकलच्या शेवटच्या टोकांचा. मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे बदलापूर, वांगणी, नेरळ आणि कर्जत (मुंबईपासून १०० किमी), दुसऱ्या फाट्यावर आसनगाव ते कसारा (१२१ किमी) आणि पश्चिम रेल्वेवर विरारच्या पलीकडे पालघर, बोईसर, डहाणू (चर्चगेटपासून १२४ किमी) ही स्थानके त्यात मोडतात. दुसरा पट्टा घाटावरचा, म्हणजे भोर घाटापलीकडचे लोणावळा आणि पुणे (१९२ किमी), थळ घाटापलीकडचे इगतपुरी, नाशिक आणि मनमाड. उत्तरेला गुजरातमधील वापी, वलसाड आणि सुरतही याच हिशेबात येतात. सुरतेहून सुटणारी फ्लाइंग राणी त्या बाजूच्या पासधारकांची जुनी गाडी आहे.

घर आणि नोकरी यांच्यातील अंतराचा अर्थशास्त्रीय विचार विल्यम अलोन्सो यांनी १९६४ साली मांडला. शहराच्या मध्यापासून जसजसे दूर जावे तसतशी जमीन स्वस्त होते आणि प्रवास महागतो. प्रत्येक कुटुंब या दोन खर्चांची तोंडमिळवणी करून आपली जागा ठरवते, असे त्याचे सार. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये दाखवले की वाहने बदलली तरी माणूस प्रवासावर दिवसाकाठी सरासरी एक तासच घालवत आला आहे. वेग वाढला की वेळ वाचत नाही, वस्ती दूर जाते. मुंबईच्या बाबतीत या दोन्ही मांडण्या अर्ध्याच लागू पडतात. वस्ती दूर गेली हे खरे, पण त्या प्रमाणात वेग वाढला नाही. कसाऱ्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लोकलने यायला अडीच तासांच्या आसपास लागतात. मार्केटींच्या तासाभरात कसाऱ्याहून निघालेली माणसे टिटवाळ्याच्याही पलीकडे फारशी जात नाहीत.

या प्रवासाचा पाया रेल्वेने घातला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. भोर घाटाचा चढ १८६३ मध्ये आणि थळ घाटाचा १८६५ मध्ये खुला झाला. दोन्ही घाटांत सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर इतका आहे, म्हणून वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला आणि कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावली जातात, आणि उतरणाऱ्या गाड्यांना वेगाची कडक मर्यादा पाळून ब्रेकची तपासणी करत यावे लागते. कल्याण ते पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये झाले आणि पाठोपाठ १ जून १९३० रोजी दख्खनची राणी, म्हणजे डेक्कन क्वीन, सुरू झाली. सुरुवातीला ती शनिवार-रविवारची, ऐपतदारांची गाडी होती. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला १९५५ साली जोडले गेले. सामान्य नोकरदाराची पुणे-मुंबई ये-जा वाढायला ही घटना विजेच्या इंजिनाइतकीच कारणीभूत ठरली असावी. नाशिककरांची पंचवटी एक्स्प्रेस १९७५ ची, आणि डहाणूपर्यंत लोकल पोहोचली ती २०१३ मध्ये.

गाड्या होत्या म्हणून माणसे दूर गेली, की घरे परवडेनात म्हणून? मुंबईत दुसरे कारण अधिक जोरकस आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. जुन्या भाडेकरूंना त्याने आधार दिला, पण भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्याचे आकर्षण संपले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यामुळे मोठी जमीन वादांत आणि कज्ज्यांत अडकली; महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ इतकाच मूळ चटईक्षेत्र निर्देशांक ठेवला. त्यातच १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचा रोजगार विस्कटला. गिरणगावातील कुटुंबे डोंबिवली, कल्याण, विरार, बदलापूरकडे सरकली आणि गिरण्यांच्या जागी टॉवर व कार्यालये उभी राहिली. जनगणनेचे आकडे याची साक्ष देतात. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर घसरली. त्याच काळात पालघर वेगळा होण्यापूर्वीचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांच्या पुढे गेला. माणसे बेटावरून गेली, नोकऱ्या तिथेच राहिल्या.

घाटावरच्या पट्ट्याचे कारण मात्र काहीसे निराळे आहे, आणि दोन्हींची गल्लत करणे चुकीचे ठरेल. पुण्या-नाशकाहून रोज येणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वस्त घर शोधत ते शहर निवडलेले नसते. घर आधीचेच असते, वडिलांनी बांधलेले किंवा कर्ज फेडत आलेले. मग मुंबईला बदली होते, बढतीबरोबर मंत्रालयात किंवा बँकेच्या मुख्य कार्यालयात नेमणूक मिळते. जोडीदाराची नोकरी पुण्यात, मुले शाळेच्या मधल्या इयत्तेत, आईवडील म्हातारे. अशा वेळी चार माणसांचे बिऱ्हाड हलवण्यापेक्षा एकाने गाडी पकडणे कुटुंबाला सोपे वाटते. मुंबईत खोली घेऊन राहणे आणि शनिवारी घरी येणे हा पर्याय असतोच, पण दोन चुली चालवण्याचा खर्च भाड्यापुरता मर्यादित राहत नाही. बदलापूरचा प्रवासी घराच्या किमतीमुळे दूर असतो, पुण्याचा प्रवासी बहुधा घराच्या ओढीमुळे. पहिल्याला जवळ स्वस्त घर मिळाले तर तो परत येईल. दुसऱ्याबद्दल तसे सांगता येत नाही.

या सगळ्या व्यवहाराचा कणा मासिक पास आहे. उपनगरी मार्गावर दुसऱ्या वर्गाच्या पासची किंमत साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या हिशेबाने ठरत आली. म्हणजे महिनाभर रोज ये-जा करणाऱ्याला तिकिटाच्या मानाने फार थोडे पैसे पडतात. जून २०१४ मध्ये हा हिशेब तीस तिकिटांवर नेण्याची घोषणा झाली आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. वांगणीत घर घेणाऱ्या कुटुंबाने कर्जाचा हप्ता ठरवताना हा स्वस्त पास गृहीत धरलेला असतो. परवडणाऱ्या घरांसाठी सरकारने केलेला सर्वांत मोठा आणि सर्वांत सातत्याचा खर्च कोणता, या प्रश्नाचे उत्तर गृहनिर्माण खात्याच्या योजनांपेक्षा रेल्वेच्या पासात सापडते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत पासधारकांसाठी ठरावीक डबे असतात, त्यांत महिलांचा वेगळा डबा असतो, आणि आरक्षित डब्यांत पासधारकाला बसता येत नाही. सणासुदीला गर्दी उसळली की याच नियमावरून वाद होतात.

पैशांचा हिशेब मांडताना वेळ बहुधा सुटून जातो. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटून साडेदहाच्या सुमारास मुंबईला पोहोचते. संध्याकाळी पाच-दहाला निघून साडेआठच्या आत पुण्यात येते. नुसत्या गाडीत रोजचे सव्वासहा तासांहून अधिक जातात. वर्षाला २५० दिवस धरले तर हे सोळाशे तास होतात. आठ तासांच्या पाळीच्या हिशेबाने ते पूर्ण दोनशे दिवसांचे काम झाले. घरापासून स्थानकापर्यंतचा वेळ त्यात धरलेला नाही. म्हणजे घर स्वस्त मिळत नाही. त्याच्या किमतीचा मोठा भाग रुपयांऐवजी तासांत चुकवला जातो, आणि किती तास, हे किलोमीटरपेक्षा वेळापत्रक ठरवते. कर्जत मुंबईपासून पुण्याच्या निम्म्या अंतरावर आहे, पण तिथल्या लोकलला दोन तास लागतात आणि बसायला जागा मिळेलच असे नाही. पुण्याचा पासधारक सव्वातीन तास बसून येतो. शरीराच्या दृष्टीने यातला कोणता प्रवास लांबचा, हे नकाशा सांगू शकत नाही.

वेळापत्रकाचा परिणाम आणखी खोल जातो: कोण कोणती नोकरी करू शकेल, हेही ते ठरवते. साडेदहाला उतरून पाच-दहाची गाडी धरायची तर कार्यालय फोर्टात, चालत जाण्याच्या अंतरावर आणि ठरल्या वेळी सुटणारे हवे. सरकारी कचेऱ्या, बँका, विमा कंपन्या, न्यायालये या चौकटीत बसत होत्या, म्हणून पुणे-मुंबईच्या जुन्या पासधारकांत त्यांचा भरणा होता. खासगी कंपनीत साडेपाचला बैठक बोलावली गेली की गाडी गेली. नव्वदीनंतर नोकऱ्या वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, पवई, ऐरोलीकडे पसरल्या. त्यांतल्या कित्येक ठिकाणी दादर किंवा ठाण्याला उतरून पुन्हा लोकल, बस किंवा रिक्षा करावी लागते. शेवटचे दहा किलोमीटर मग घाटापेक्षा जड जातात. लोकलच्या टोकाला गाड्या बऱ्याच असल्या तरी कल्याणनंतर दोन फाटे होतात आणि गाड्या त्यांत वाटल्या जातात. कसाऱ्याची एक गाडी चुकणे म्हणजे पाच मिनिटांचा उशीर नव्हे; पुढची गाडी येईपर्यंत कार्यालयात लेटमार्क लागलेला असतो.

मार्गिका मर्यादित असल्याने पासधारकांच्या एक्स्प्रेस आणि उपनगरी लोकल यांच्यातही ओढाताण होते. सकाळी आठ ते अकरा या वेळेत लांबून येणारी गाडी पुढे काढायची की लोकल, हा कल्याणच्या अलीकडचा रोजचा प्रश्न आहे. एक्स्प्रेसला वाट दिली की डोंबिवली-दिव्याचे प्रवासी संतापतात, लोकलला दिली की नाशिककर दहा मिनिटे उशिरा पोहोचतो. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्याने त्या टप्प्यापुरती कोंडी सैल झाली. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि अन्य कारणांनी प्राण गमावतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. स्वस्त घराच्या किमतीत ही जोखीमही धरलेली आहे, आणि ती कोणत्याही बिल्डरच्या जाहिरातीत लिहिलेली नसते.

पावसाळा ही वेगळीच बाब. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो नोकरदार वाटेत अडकले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकून पडली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्याच वर्षी भोर घाटातील दरडींमुळे पुणे मार्गावरील गाड्या दीर्घकाळ विस्कळीत राहिल्या. घाटात दरड कोसळली की पुणेकर पासधारकाला रस्त्याचा तरी पर्याय असतो. घाटाखाली रूळ पाण्यात गेले तर कर्जत-कसाऱ्याच्या प्रवाशाला तोही पुरता नसतो.

रोजचे इतके तास एकत्र घालवणाऱ्यांची एक वस्तीच डब्यात तयार होते. सकाळची झोप, मग चहा, पेपर, पत्ते, भजनी मंडळाचे टाळ; महिलांच्या डब्यात परतीच्या वेळी भाजी निवडणे, भिशी, संक्रांतीचे हळदीकुंकू. खंडेनवमीला डब्याला तोरणे लागतात आणि १ जूनला पुणे स्थानकावर डेक्कन क्वीनचा वाढदिवस साजरा होतो. पंचवटीतल्या पासधारकांनी शिस्तीचे नियम स्वतः ठरवून ‘आदर्श कोच’ चालवून दाखवला. नोकरीची शिफारस, मुलामुलींची स्थळे, रुग्णालयातली ओळख, वेळप्रसंगी रक्त, हे सारे या ओळखींतून मिळते. याच एकोप्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. गटाची जागा ठरलेली असते. नव्या किंवा एकट्या प्रवाशाला रिकाम्या बाकावरून उठवले जाते, आणि विरोध केला तर दमदाटीही होते. सार्वजनिक डब्यावर असा मालकी हक्क सांगणे समर्थनीय नाही, त्यामागची दमणूक कितीही खरी असली तरी.

घरातले ओझे कुणाच्या खांद्यावर येते, हे पाहिल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ९७, असे आढळले. नवरा पहाटे सहाला निघून रात्री नऊला येत असेल तर त्याची सत्त्याण्णव मिनिटेही बायकोकडेच जातात. मुलांचे दवाखाने, पालकसभा, सिलिंडर, बँक, सासूसासऱ्यांची औषधे, सगळे तिच्याकडे. आणि ती स्वतः पासधारक असेल तर पहाटे चारला उठून दोन डबे भरून निघते. अनेक जणी काही वर्षांनी नोकरी सोडतात किंवा गावातच कमी पगाराची पत्करतात. स्वस्त घराच्या हिशेबात तिचा गेलेला पगार कुणी लिहीत नाही. अलोइस श्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मन कुटुंबांच्या माहितीवरून २००८ मध्ये मांडले की लांबच्या प्रवासाची भरपाई स्वस्त घराने किंवा जास्त पगाराने पुरेशी होत नाही. जितका प्रवास लांब तितके जगण्यातले समाधान कमी. घर निवडताना माणूस रोजच्या दमणुकीला कमी लेखतो, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. घर एकदा घेतले जाते, प्रवास रोज होतो.

रस्त्यांनी काही वाटा उघडल्या. ९४.५ किमीचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून पूर्ण वापरात आहे. त्यावरून शिवनेरी बस आणि सामायिक टॅक्सी पनवेल, वाशी, दादर गाठून देतात, आणि रेल्वे न पोहोचणाऱ्या नवी मुंबईतल्या कार्यालयांना त्यांचाच आधार आहे. २१.८ किमीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ पासून सुरू झाल्याने कसारा घाटाचा रस्ता टाळता येऊ लागला. पण इंधन आणि टोल रोज दोनदा भरणे साध्या पगारात बसत नाही. अटल सेतूचा कारचा एकेरी टोल सुरुवातीला २५० रुपये होता. चारजणांनी गाडी वाटून घेतली तरच गणित जमते. रस्ता हा आठवड्यातून एकदोनदा जाणाऱ्यांचा मार्ग आहे, रोजच्यांचा अजूनही रेल्वेच.

ज्या गावांतून ही माणसे निघतात, त्यांच्यावरही याची छाप पडते. बदलापूर, वांगणी, नेरळ, बोईसर येथे शेतीच्या जागी इमारती आल्या. जागेचे भाव वाढले आणि स्थानिक तरुणाला तिथेच घर घेणे अवघड झाले. पाणी, सांडपाणी आणि रुग्णालये वस्तीच्या मागे राहिली. दिवसभर गावात म्हातारी माणसे आणि मुले, बाजार जागा होतो तो रात्री आठनंतर. कमावणारा माणूस नगरपालिकेच्या कार्यालयीन वेळेत कधीच गावात नसतो, त्यामुळे नळ-गटाराच्या तक्रारी घेऊन जाणारेही कमी. पुण्याभोवती हेच चित्र लहान प्रमाणात दिसते: लोणावळा-पुणे लोकल आणि दौंडहून येणाऱ्या गाड्यांनी तळेगाव, कामशेत, केडगाव, यवत ही गावे पुण्याच्या रोजच्या कक्षेत आणली.

टाळेबंदीने या व्यवस्थेचा आधार किती अरुंद आहे ते उघड केले. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या. जूनमध्ये लोकल अत्यावश्यक सेवेपुरती सुरू झाली आणि लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या सामान्य प्रवाशांना ती १५ ऑगस्ट २०२१ पासून मिळाली. मधल्या काळात खासगी नोकरदार बसमधून तासन्‌तास हेलपाटे घालत राहिले आणि कित्येकांची नोकरी गेली. ज्यांचे काम संगणकावर होते त्यांना मात्र घरूनच काम करता आले. त्यांच्यापैकी अनेक जण आता आठवड्यातून दोनतीन दिवसच कार्यालयात जातात. त्यांना महिन्याचा पास महाग पडतो आणि रोजचे तिकीट गैरसोयीचे. ब्रिटनमध्ये जून २०२१ पासून २८ दिवसांत कोणतेही आठ दिवस प्रवास करता येईल असा पास मिळतो. तसाच पास पुणे-मुंबई आणि नाशिक-मुंबई मार्गांवर सहज देता येण्याजोगा आहे. जपानमध्ये शिंकान्सेनचा पास १९८३ पासून आहे, आणि प्रवासखर्च बहुधा मालक देतो. महिन्याला दीड लाख येनपर्यंत त्यावर कर लागत नाही. म्हणून टोकियोपासून शंभर किलोमीटरवरच्या उत्सुनोमियाहून तासाभरात कामावर येणे तिथल्या नोकरदाराला परवडते. भारतात वाहतूक भत्त्यावरची करसवलत २०१८ मध्ये बहुतेकांसाठी प्रमाणित वजावटीत विलीन झाली, त्यामुळे दोन किलोमीटरवरून येणारा आणि दोनशे किलोमीटरवरून येणारा करापुरते सारखेच झाले. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेची बोईसर आणि वापी ही स्थानके उद्या नव्या पासधारकांची होतील का, हे गाडीच्या वेगावर नव्हे, भाड्यावर आणि पासाच्या सोयीवर ठरेल.

सरकारी धोरण अजून घराला आणि प्रवासाला स्वतंत्र खात्यांचे विषय मानते. याचे ठळक उदाहरण गिरणी कामगारांचे. मुंबईत गिरण्यांच्या जमिनींवर मिळालेली घरे अर्जदारांच्या संख्येपुढे फार थोडी ठरल्यावर, शासनाने २०२४ मध्ये शेलू आणि वांगणी येथे त्यांच्यासाठी सुमारे ८१ हजार घरांची योजना पुढे आणली. दोन्ही गावे मुंबईपासून ८० किलोमीटरच्या आसपास, कर्जत मार्गावर. एका घरातून एक माणूस जरी मुंबईकडे निघाला तरी सकाळच्या गाड्यांवर हजारो प्रवाशांची भर पडेल, आणि त्या गाड्या बदलापुरातच भरलेल्या असतात. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आणि पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग यांची कामे हाती घेतली आहेत, पण घरांच्या ताब्याच्या तारखा आणि मार्गिकांच्या तारखा जुळवणारी यंत्रणा नाही. घरांना मंजुरी देतानाच त्या स्थानकावरून गर्दीच्या वेळी किती गाड्या सुटतील, हे ठरवणे बंधनकारक केले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले, तेव्हा शेलू-वांगणीचा निर्णय रद्द करून मुंबईतच घर द्यावे, अशी त्यांची मागणी होती.